हायल्युरॉनिक ॲसिड फिलर पहिल्यांदा घेताय? आधी क्लिनिकच्या कपाटात काय आहे ते विचारा

फिलर म्हणजे चेहऱ्यातले खड्डे आणि घड्या भरायला किंवा ओठ भरदार करायला टोचायचं जेल. त्याची पहिल्यांदा चौकशी करणारा माणूस दोनच गोष्टी विचारतो: किती रुपये आणि किती महिने टिकेल. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: "तुमच्याकडे हायल्युरोनिडेजच्या बाटल्या आत्ता किती आहेत?" हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर इतर फिलरपेक्षा सुरक्षित मानतात ते मुख्यतः एका कारणासाठी, ते विरघळवता येतं. विरघळवणारं औषध म्हणजे हे हायल्युरोनिडेज. ते क्लिनिकच्या कपाटात नसेल, किंवा ते वापरायची वेळ आली आहे हे ओळखणारं कोणी नसेल, तर ही सुरक्षितता माहितीपत्रकापुरतीच उरते.

सिरिंजमध्ये नेमकं काय असतं

हायल्युरॉनिक ॲसिड म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गुरांच्या डोळ्यातल्या पारदर्शक द्रवातून ते पहिल्यांदा वेगळं काढलं. ७० किलो वजनाच्या माणसाच्या अंगात ते साधारण १५ ग्रॅम असतं, त्यातलं निम्मं त्वचेत. शरीर यातला जवळजवळ तिसरा हिस्सा रोज मोडतं आणि नव्याने बनवतं. म्हणजे हे ॲसिड जसंच्या तसं टोचलं तर काही दिवसांत नाहीसं होईल. म्हणून कारखान्यात या साखळ्या एकमेकींना रसायनाने बांधून त्यांचं जेल करतात. बांधणीसाठी बहुतेक कंपन्या बीडीडीई नावाचं रसायन वापरतात.

जेल किती घट्ट करायचं हे त्याच्या कामावर ठरतं. हनुवटी आणि गालाच्या हाडावर भार पेलणारं घट्ट जेल लागतं, ओठांना मऊ, आणि डोळ्यांखाली मऊ असून पाणी कमी ओढणारं. त्यामुळे "आमच्याकडे एकच चांगला ब्रँड आहे, तो सगळीकडे चालतो" हे उत्तर पुरेसं नाही. एका मिलिलिटरमध्ये साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम हायल्युरॉनिक ॲसिड असतं आणि बऱ्याच सिरिंजमध्ये दुखू नये म्हणून ०.३ टक्के लिडोकेन मिसळलेलं असतं. हे लिडोकेन ध्यानात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

शाकाहारी मंडळी हमखास विचारतात म्हणून: पूर्वी हे कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत, आता जवळपास सगळी फिलर जिवाणूंच्या आंबवणीतून बनतात. विरघळवणारं हायल्युरोनिडेज मात्र पुष्कळदा मेंढी किंवा गुरांपासून मिळवलेलं असतं. यावर काही आक्षेप असेल तर तो आधीच्या भेटीत बोलून मोकळे व्हा. रक्तपुरवठा अडून ओठ पांढरा पडल्यावर ही चर्चा करायला वेळ नसतो.

चेहऱ्याला लावायचं हायल्युरॉनिक सीरम हे काम करत नाही. ते वरच्या थरात ओलावा धरतं, खड्डा भरत नाही. आणि बोटॉक्स हे फिलर नव्हे. बोटॉक्स स्नायू सैलावतो, फिलर जागा भरतं.

पहिली पायरी: तक्रार कशाची आहे ते ओळखा

फिलर घेऊन नाराज झालेल्यांपैकी पुष्कळांचं इंजेक्शन नीटच दिलेलं असतं. चुकलेली असते ती निवड. आपल्याकडे याचं सगळ्यात ठळक उदाहरण डोळ्यांखालची काळी वर्तुळं. ही वर्तुळं तीन कारणांनी दिसतात: त्वचेतला रंग गडद असतो, त्वचा पातळ असल्याने खालच्या शिरा दिसतात, किंवा तिथे खरोखर खड्डा असून त्याची सावली पडते. फिलर भरतं फक्त तिसरी गोष्ट. भारतीय त्वचेत पहिलं कारण फार आढळतं, आणि तिथे फिलर घातलं तर काळेपणा तसाच राहून जागा फक्त फुगते.

घरी करून बघण्यासारखी चाचणी आहे. खिडकीसमोर आरसा धरा आणि मान हळूहळू वर करून प्रकाश थेट डोळ्यांखाली येऊ द्या. काळेपणा बराच कमी झाला तर ती सावली. आता बोटाने खालची त्वचा हलकेच बाजूला ताणा. काळेपणा त्वचेबरोबर सरकला आणि तितकाच गडद राहिला तर तो रंग. ताणल्यावर जांभळट छटा वाढली तर शिरा. बहुतेकांत मिश्रण निघतं. मिश्रण किती आहे हे डॉक्टर सांगतील, पण तोवर तुमच्या अपेक्षा जमिनीवर आलेल्या असतील.

हाच विचार इतर ठिकाणी. कपाळावर भुवया उंचावल्यावरच दिसणाऱ्या आडव्या रेषा स्नायूंच्या असतात, त्यांना बोटॉक्स. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत येणारी घडी चेहरा शांत असतानाही दिसते, तिला फिलर उपयोगी पडतं. पण पुष्कळदा ती घडी गालाची चरबी कमी झाल्यामुळे पडलेली असते, आणि मग घडीत भरण्यापेक्षा गालाला आधार दिलेला चांगला दिसतो. लोंबलेली हनुवटीखालची कातडी फिलरने वर जात नाही. ती वर नेण्याच्या हट्टापायी सिरिंजवर सिरिंज ओतली की चेहरा उशीसारखा होतो.

मात्रेचा अंदाज यावा म्हणून: बहुतेक सिरिंज १ मिलिलिटरची असते, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. ओठांना पहिल्या खेपेला अर्धा ते एक मिलि पुरतं. डोळ्यांखाली एका बाजूला ०.३ ते ०.५ मिलि, नाकाजवळच्या घडीत एका बाजूला अर्धा ते एक, गालावर एका बाजूला साधारण एक, हनुवटीला एक ते दोन. ओठ सतत हलतात, तिथे सहा ते बारा महिने टिकतं. घडीत नऊ महिने ते वर्ष, गाल आणि हनुवटीत वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून जास्त. मुंबई-पुण्यात एका सिरिंजला ढोबळमानाने वीस ते चाळीस हजार रुपये पडतात आणि सौंदर्योपचार म्हणून आरोग्य विमा ते देत नाही. यापेक्षा फारच स्वस्त काही दिसलं तर सिरिंजमध्ये काय आहे असा संशय घ्यायला हरकत नाही.

काही जणांनी फिलर घेऊच नये, किंवा आत्ता घेऊ नये. गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया (त्यांच्याबाबत पुरेसा अभ्यास नाही), त्या जागी पुरळ, फोड किंवा संसर्ग असलेले, लिडोकेनची ॲलर्जी असलेले, आणि त्याच जागी पूर्वी सिलिकॉनसारखं कायमचं फिलर घेतलेले. संधिवात, ल्युपससारखा रोगप्रतिकारशक्तीचा आजार जोरात असेल तर आधी त्या डॉक्टरांशी बोला. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना तर नाहीच. अमेरिकेत या फिलरना मंजुरीही २१ वर्षांवरच्यांसाठीच आहे. आणखी एक गट आहे, ज्याला कोणी थांबवत नाही: रोज तासभर किंवा अधिक वेळ आरशात एकच दोष तपासणारे, आधीच्या तीन-चार उपचारांनी नाराज असलेले, इतरांना न दिसणाऱ्या व्यंगाने घराबाहेर पडणं टाळणारे. याला शरीरप्रतिमेचा विकार म्हणतात. फिलरने तो बरा होत नाही, दोषाची जागा फक्त बदलते. अशा व्यक्तीला नकार देऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणारा डॉक्टर चांगला समजावा.

दुसरी पायरी: डॉक्टर, क्लिनिक आणि पेटीवरचं लेबल

त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीतलं पदव्युत्तर शिक्षण असलेला डॉक्टर शोधा. महाराष्ट्रात प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येते. तीन दिवसांच्या कोर्सचं चकचकीत प्रमाणपत्र भिंतीवर असणं म्हणजे नोंदणी नव्हे. ब्यूटी पार्लरमध्ये सुईशिवाय, दाबाने जेल आत ढकलणारं 'हायल्युरॉन पेन' मिळत असेल तर तिथून निघा. दाबावर ताबा नसतो, जेल कुठल्या थरात गेलं ते कळत नाही. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए, तिने २०२१ मध्ये या पेनबद्दल स्पष्ट इशारा दिला आहे. स्तन किंवा नितंब मोठे करायला ही फिलर वापरण्यालाही तिथे मंजुरी नाही.

पहिल्या भेटीत हे विचारा आणि उत्तर ऐकताना चेहराही बघा:

– हायल्युरोनिडेज इथे ठेवलेलं आहे का, किती बाटल्या, मुदत संपलेली नाही ना? आपल्याकडे एका बाटलीत साधारणपणे १५०० युनिट असतात. एक बाटली पुरत नाही, का ते पुढे येईलच.
– रक्तवाहिनी बंद पडली तर तुम्ही काय करता? (क्रमाने उत्तर यायला हवं. "आमच्याकडे असं कधी होत नाही" हे उत्तर नाही.)
– रात्री अकराला फोन केला तर कोण उचलेल?
– डोळ्याला त्रास झाला तर कोणत्या नेत्र रुग्णालयात पाठवता?
– सुई वापरणार की कॅन्युला, आणि का?

कॅन्युला म्हणजे बोथट टोकाची, बाजूला भोक असलेली लवचीक नळी. ती रक्तवाहिनीला भोसकण्याऐवजी बाजूला सरकवते. २५ गेज किंवा त्याहून जाड कॅन्युला असेल तर धोका कमी होतो, शून्य होत नाही. (गेजचा आकडा जितका लहान तितकी नळी जाड. पातळ कॅन्युला सुईसारखीच वागते.)

भारतात ही फिलर वैद्यकीय उपकरणं म्हणून २०१७ च्या मेडिकल डिव्हाइसेस रूल्सखाली येतात आणि केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, म्हणजे सीडीएससीओ, परवाना देते. बहुतेक आयात होतात. म्हणून पेटीवर आयातदाराचं नाव-पत्ता, आयात परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत आणि एमआरपी असायला हवी. परदेशातून कोणीतरी बॅगेत आणलेल्या पेटीवर यातलं काही नसतं. बहुतेक फिलर २५ अंशांच्या आत ठेवायची असतात. एप्रिल-मेमध्ये विदर्भात कुरिअरच्या गाडीत दोन दिवस तापलेली पेटी कुठून आली, हा प्रश्न आगाऊपणाचा नाही.

सील तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. आणि एक सिरिंज एकाच माणसाला, एकाच बैठकीत. दोन मैत्रिणींनी एक सिरिंज अर्धी-अर्धी वाटून घेणं, किंवा उरलेलं "फ्रिजमध्ये ठेवतो, पुढच्या महिन्यात टचअप करू" म्हणणं, दोन्हींत पैसे वाचतात आणि जंतू वाढतात. पहिल्यात तर रक्तातून पसरणाऱ्या आजारांचाही धोका आला.

तिसरी पायरी: तारीख

लग्नाच्या हळदीपूर्वी चार-पाच दिवस राखून फिलर घेणाऱ्यांची संख्या कमी नाही, आणि ही हमखास पस्तावण्याची तारीख आहे. ओठांची सूज २४ ते ४८ तासांत सर्वांत जास्त असते. काळानिळा डाग आठ-दहा दिवस राहू शकतो. जेल बसून खरा आकार यायला दोन आठवडे लागतात, आणि काही दुरुस्त करायचं तर ते त्यानंतर. म्हणून कार्यक्रमाच्या निदान चार आठवडे आधी घ्या, सहा असतील तर उत्तम. हळद लावताना, मेकअपआधी चेहरा चोळला जातो हेही हिशेबात धरा.

अमेरिका-दुबईहून तीन आठवड्यांच्या सुट्टीवर येणाऱ्यांनी हे काम पहिल्या आठवड्यात उरकावं. निघायच्या आदल्या दिवशी घेतलं तर त्रास विमानात सुरू होईल आणि उतरल्यावर अनोळखी इमर्जन्सीत सगळं पहिल्यापासून समजावत बसावं लागेल. पुण्यात फिलर घेऊन त्याच रात्रीच्या बसने गावी जाणंही टाळा. पहिले दोन दिवस डॉक्टरपासून तासाभराच्या अंतरात राहा.

दाताची कामं, अगदी साफसफाईसुद्धा, आधीचे आणि नंतरचे दोन आठवडे नकोत. तोंडातले जंतू रक्तात उतरून फिलरभोवती घर करू शकतात. लसीकरणालाही तेवढंच अंतर ठेवा. ओठांवर ताप आल्यासारखे पाण्याचे फोड वारंवार येत असतील, म्हणजे हर्पिस, तर डॉक्टरांना सांगा. आधीपासून गोळ्या सुरू करतात. माशाच्या तेलाच्या, लसणाच्या, व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूल आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवल्या तर डाग कमी पडतात. हृदयासाठी किंवा पक्षाघातानंतर रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते फिलरसाठी आपल्या मनाने बंद करायचं नाही. डाग परवडला.

चौथी पायरी: त्या दिवशी

आधी फोटो. समोरून, दोन्ही बाजूंनी तिरके, दोन्ही बाजूंनी पूर्ण आडवे, शिवाय एक हसताना. तेच ठिकाण, तोच प्रकाश, मेकअप नाही. प्रत स्वतःकडेही ठेवा. जवळपास प्रत्येक चेहऱ्याच्या दोन बाजू आधीपासून वेगळ्या असतात. इंजेक्शननंतर माणूस पहिल्यांदा इतक्या बारकाईने आरसा बघतो आणि जुनी असमानता नवीन वाटते. हा वाद फोटोच मिटवतो.

संमतिपत्रात भाग, उत्पादन आणि मात्रा लिहिलेली असावी. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं की एका उपचाराला दिलेली संमती दुसऱ्या उपचाराला लागू होत नाही, अपवाद जीव वाचवण्याचा. ओठांसाठी सही केली असेल आणि मध्येच "थोडं उरलंय, हनुवटीत टाकू का" असं विचारलं गेलं, तर बधिर ओठांनी मान डोलवू नका. उरलेलं फेकून देणं स्वस्त पडतं.

मेकअप पूर्ण निघतो, त्वचा जंतुनाशकाने पुसली जाते, बधिर करणारी क्रीम अर्धा-पाऊण तास ठेवतात. मग खुणा करतात, त्या तुम्ही बसलेले असताना. आडवं झाल्यावर गाल मागे पडतात आणि खड्डे लपतात. इंजेक्शन हळू, थोडंथोडं दिलं गेलं पाहिजे. एका ठिकाणी ०.१ मिलिहून अधिक एकदम ढकललं आणि टोक रक्तवाहिनीत असलं तर जेल प्रवाहाच्या उलट दिशेने लांब जाऊ शकतं. या दरम्यान गप्प पडून राहण्याचं धैर्य दाखवू नका. अचानक तीव्र कळ आली, इंजेक्शनपासून दूर कुठेतरी दुखलं, किंवा दिसायला धूसर झालं, तर हात वर करा आणि लगेच बोला.

चेहऱ्याचे सगळे भाग सारखे धोक्याचे नसतात. भुवयांच्या मधला भाग, नाक आणि कपाळ यांच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या आहेत. जेल उलटं जाऊन डोळ्याच्या पडद्याची रक्तवाहिनी बंद झाली तर अंधत्व येतं. हे दुर्मीळ आहे, पण झालं तर बहुधा कायमचं. शस्त्रक्रियेविना नाक सरळ करायची जाहिरात दिसते तिथे हे छापलेलं नसतं. नाकाची शस्त्रक्रिया आधी झालेली असेल तर रक्तवाहिन्यांची जागा बदललेली असते आणि धोका आणखी वाढतो. पहिल्यांदा फिलर घेणाऱ्याने सुरुवात नाकापासून करू नये, असं आमचं सरळ मत आहे.

पाचवी पायरी: पहिले ४८ तास

नेहमीचं काय: सूज, हलकी लाली, टोचल्याजागी दुखरेपणा, डाग, बोटाला लागणारे छोटे गोळे. हे सगळं दिवसागणिक कमी होत जातं. पॅरासिटामॉल चालतं. कापडात गुंडाळलेला बर्फ पाच-दहा मिनिटं ठेवून काढावा. पहिल्या दिवशी मेकअप नको, दारू नको, दोन दिवस जिम नको, एक-दोन रात्री उंच उशीवर पाठीवर झोपा. पार्लरमधलं फेशियल, वाफ आणि मसाज दोन आठवडे बंद. गोळे लागले तरी डॉक्टरांनी दाखवल्याशिवाय दाबत बसू नका, आणि ओठांत ओठ घालून चोळायची सवय तेवढ्यापुरती सोडा. जेल ओठाच्या कडेबाहेर सरकण्याचं तेही एक निमित्त.

आता धोक्याचं. रक्तवाहिनीत जेल गेलं किंवा बाहेरून तिच्यावर दाब आला की पुढच्या त्वचेला रक्त मिळत नाही. लक्षणं या क्रमाने येतात: त्वचा पांढरी पडते (कधी काही सेकंदच), मग जाळीसारखे जांभळट-लालसर डाग उमटतात, दुखणं वाढतं, त्वचा गार लागते, दोन-तीन दिवसांनी पिवळ्या पुटकुळ्या येतात आणि शेवटी काळी खपली. पुटकुळ्यांच्या टप्प्यावर पुष्कळ जण मुरूम समजून क्रीम लावतात आणि उरलेली संधी घालवतात.

लिडोकेनचा संबंध इथे येतो. जेलमधल्या लिडोकेनमुळे पहिले काही तास दुखणं झाकलेलं असतं. म्हणून "दुखत नाही, म्हणजे ठीक आहे" हा निष्कर्ष त्या संध्याकाळी काढायचा नाही. बधिरपणा उतरल्यावर दुखणं सुरू होऊन वाढतच गेलं तर ते गंभीर. आणि सावळ्या त्वचेवर पांढरेपणा चटकन दिसत नाही, तेव्हा ओठ उलटून आतली गुलाबी बाजू दिवसाच्या उजेडात किंवा टॉर्चने बघा.

दाबून बघायची चाचणी शिकून ठेवा. बोटाने पाच सेकंद त्वचा दाबा आणि सोडा. रंग साधारण दोन सेकंदांत परत यायला हवा. दुसऱ्या बाजूशी तुलना करा. एका बाजूला रंग रेंगाळत परत येत असेल, किंवा वरचा डाग दाबूनही हलत नसेल, तर डॉक्टरांना फोन करा आणि त्याच उजेडात काढलेला फोटो पाठवा. साधा काळानिळा डागही दाबल्यावर फिका होत नाही, त्यामुळे शंका आली तर निदान घरी करायचं नाही. पहिल्या संध्याकाळी दोनदा, रात्री झोपण्यापूर्वी आणि सकाळी ही तपासणी पुरते. अशी शंका असताना बर्फ लावू नका, त्याने रक्तवाहिन्या आणखी आवळतात. कोमट शेक चालतो.

डॉक्टर काय करतील हेही माहीत असावं. ज्या भागाचं रक्त अडलंय तिथे हायल्युरोनिडेज भरपूर मात्रेत टोचतात, चोळतात, शेक देतात आणि रंग परतला का ते बघतात. प्रचलित पद्धतीत ओठाइतक्या भागाला एका फेरीत साधारण ५०० युनिट लागतात. व्याप नाकापर्यंत गेला असेल तर दुप्पट-तिप्पट. आणि रक्त परत वाहीपर्यंत तासातासाने पुन्हा. तीन-चार फेऱ्या झाल्या की १५०० युनिटची एक बाटली कशी संपते ते कळेल. ऑर्डर देऊन उद्या मागवतो म्हणणारं क्लिनिक इथे उघडं पडतं. ॲस्पिरिनही देतात, पण ते त्यांच्या सांगण्यावरून. एरवी हायल्युरोनिडेज देण्याआधी हातावर ॲलर्जीची चाचणी घेतात, आणीबाणीत तिच्यासाठी थांबत नाहीत. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून कधी गंभीर ॲलर्जी झाली असेल तर हायल्युरोनिडेजचीही होऊ शकते, ही माहिती पहिल्याच भेटीत द्या.

दृष्टी गेली, दोन-दोन दिसू लागलं, पापणी पडली, डोळ्यात जोराची कळ आली, किंवा हात-पाय, बोलणं यांत फरक पडला, तर थांबायचं नाही. पडद्याला रक्ताशिवाय तग धरायला तास-दीड तासच मिळतो असं मानतात. क्लिनिकमधून थेट नेत्रतज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा, फोन रस्त्यात करा.

नंतर येणाऱ्या तक्रारी

पहिल्या दोन आठवड्यांत गार, न दुखणारा गोळा लागला तर तो बहुधा साचलेल्या जेलचा असतो, चोळून किंवा विरघळवून जातो. लाल, गरम, दुखरा असेल तर संसर्ग समजून आधी प्रतिजैविकं दिली जातात. तिथे घाईने विरघळवलं तर जंतू पसरू शकतात. डोळ्यांखाली निळसर छटा आली तर जेल फार वरच्या थरात बसलंय, प्रकाश त्यातून विखुरतो. याला टिंडाल परिणाम म्हणतात, आणि तो मसाजने जात नाही, विरघळवावाच लागतो. त्याच भागात सकाळी फुगलेली पिशवी महिनोन्‌महिने दिसत राहिली तर जेल पाणी ओढतंय.

काही महिन्यांनी अचानक सूज किंवा गाठ येणं हा वेगळा प्रकार. फ्लू, दाताचा संसर्ग, लस यांनी प्रतिकारशक्ती जागी झाली की जुनं फिलर फुगू शकतं. २०२० मध्ये मॉडर्नाच्या कोविड लसीच्या चाचणीत पूर्वी फिलर घेतलेल्या काही जणांचे चेहरे असे सुजले होते. बहुतेकदा हे औषधाने शमतं. लस टाळायचं हे कारण नाही.

दोन आठवड्यांनी: समाधान मोजायचं कसं

उपचाराआधी एका कागदावर तीन वाक्यं लिहून ठेवा. "थकलेली दिसतेस असं ऑफिसात म्हणू नयेत", "वरचा ओठ हसताना नाहीसा होऊ नये", अशी नेमकी. "सुंदर दिसायचंय" हे वाक्य मोजता येत नाही. संशोधनात यासाठी फेस-क्यू नावाची प्रश्नावली आणि 'खूप सुधारणा' ते 'बिघाड' अशी पाच पायऱ्यांची मापनपट्टी वापरतात. घरच्या घरी तुमची तीन वाक्यं आणि जुने-नवे फोटो तेच काम करतात. चौदाव्या दिवसाआधी निकाल देऊ नका. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या ओठांवर रडणारी आणि पाचव्या दिवशी सूज उतरली म्हणून "गेलं सगळं" म्हणणारी, पुष्कळदा एकच व्यक्ती असते.

कमी वाटलं तर या भेटीत थोडं वाढवता येतं. जास्त वाटलं तर मात्र विचार करून विरघळवा. हायल्युरोनिडेजचा परिणाम काही तासांत सुरू होतो आणि एक-दोन दिवसांत दिसतो, पण मोजून अर्धंच काढता येईल याची खात्री नसते. पुन्हा भरायचं तर दोन आठवडे थांबावं. वरच्या ओठाच्या कडेवर मिशीच्या जागी फुगवटा दिसू लागला असेल तर आणखी भरून तो लपत नाही. आधी जुनं काढायचं, मग नव्याने, कमी मात्रेत. दर सहा महिन्यांनी सवयीने सिरिंज रिचवणाऱ्यांत हा फुगवटा फार दिसतो, कारण आधीचं जेल वाटतं त्यापेक्षा जास्त काळ आत राहिलेलं असतं.

कागदपत्रं

प्रत्येक सिरिंजसोबत बॅच नंबरचे चिकटपट्टीसारखे स्टिकर येतात. एक क्लिनिकच्या फाइलवर, एक तुमच्या. सोबत तारीख, भाग, बाजूनुसार मात्रा, सुई की कॅन्युला, आणि पावती. दुष्परिणाम झाला तर तो मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया या सरकारी यंत्रणेकडे कळवता येतो. तिचं केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे आणि रुग्ण स्वतःही तक्रार नोंदवू शकतो, तिथे बॅच नंबर लागतो. तीन वर्षांनी दाताच्या डॉक्टरकडे, दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा चेहऱ्याचा एमआरआय करायला जाल तेव्हाही हीच फाइल न्या. एमआरआयमध्ये हे जेल पाण्यासारखं चमकतं, आणि रेडिऑलॉजिस्टला कोणी सांगितलेलं नसेल तर ते नेमकं काय आहे याचा शोध घेण्यात तुमचेच दिवस जातात.